दोनशे चौदा डब्यांतली गाडी

भाऊंनी आपल्या वडिलांची, नानांची गाडी खोलायला घेतली तेव्हा, "पंधरा दिवसांत परत उभी करतो," असा शब्द त्यांनी नानांना दिला होता. त्याला बावीस वर्षं झाली.

बावीस वर्षं म्हटल्यावर कुणालाही वाटेल की माणूस आळशी असणार. तसं मुळीच नव्हतं. भाऊ आळशी असते तर गाडी वाचली असती. त्यांचा रोग टापटिपीचा होता. वाहन नोंदणी कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती आणि सात खोल्यांमधली हवी ती फाईल ते बसल्या जागेवरून सांगत. असा माणूस गाडी खोलतो तेव्हा भाग जमिनीवर पसरून ठेवत नाही. भाऊंनी एकेक भाग रॉकेलने धुतला, पुसला, कागदात गुंडाळला आणि डब्यात घातला. बिस्किटांचे डबे, पावडरचे डबे, दुधाच्या भुकटीचे डबे. घरात रिकामा डबा दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. असे दोनशे चौदा डबे झाले. डब्यावर आतल्या वस्तूचं नाव मात्र नाही. नाव लिहिणं हे भाऊंच्या मते किराणा दुकानदाराचं काम. डब्यावर फक्त क्रमांक: ग/३/४७, ग/५/११२. कुठल्या डब्यात काय आहे आणि ते गाडीच्या कुठल्या अवयवातून काढलं, हे सगळं एका लाल बांधणीच्या रजिस्टरात. शेवटचा डबा फळीवर गेला तेव्हा आठ महिने उलटले होते. मग बढती आली, मुलीची दहावी आली, गुडघेदुखी आली, आणि शेडमधल्या उरलेल्या सांगाड्यावर ताडपत्री पडली ती पडलीच.

नाना पहिल्या वर्षी दर रविवारी विचारायचे, "कुठवर आलं रे?" दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. पुढे वर्षातून एकदा. मग विचारणं बंद झालं, आणि हे बंद होणं भाऊंना फार लागलं. माणूस रागावला तर त्याची समजूत घालता येते. जो विचारतच नाही त्याला काय सांगणार? आपण बापाच्या हातातलं चाक काढून घेतलं आणि ते डब्यांत भरून ठेवलं, ही टोचणी भाऊंच्या मनाला कायमची लागली. ती त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

भाऊ निवृत्त झाल्याला तीन महिने झाले असतील. एकदा सकाळी नाना खिडकीशी चहा पीत बसले होते. वय सत्त्याऐंशी. अलीकडे जेवून हात धुतल्यावर पाच मिनिटांनी, "आज जेवायचं नाही का?" असं विचारायचे. बाहेर बघत ते म्हणाले, "सूनबाई, त्या शेडमध्ये ताडपत्रीखाली काय ठेवलंय गं?"

वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, भाऊंकडे बघितलं. भाऊंच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं.

"गाडी आहे नाना. तुमची."

"हो का?" नाना म्हणाले आणि त्यांनी बशीत उरलेला चहा संपवला.

एक दिवस नाना आपल्याच गाडीकडे बघून "कुणाची ही?" असं विचारणार, हे त्या 'हो का'मध्ये भाऊंना स्वच्छ दिसलं. तो दिवस उगवायच्या आत नानांना एकदा तरी त्या चाकामागे बसवायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं आणि स्वतःचा चहा अर्धा टाकून ते शेडकडे निघाले.

पहिलं काम अर्थातच लाल रजिस्टर शोधणं. भाऊंनी कपाटं उपसली, माळा उपसला, मुलीच्या जुन्या दप्तरातही हात घालून बघितला. शेवटी हार मानून त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनी आत गेल्या आणि एक फाईल घेऊन आल्या.

इथे एक सांगायला हवं. कार्यालयाचा नियम भाऊंनी घरालाही लावला होता. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ती किती वर्षं ठेवायची ते लिहायचं. मुदत संपली की यादी करायची. यादीवर भाऊंची सही झाली की वही रद्दीत. वही जाते, यादी मात्र जपून ठेवायची. तर त्या जपून ठेवलेल्या यादीत एकोणिसाव्या ओळीत लिहिलं होतं: "लाल रजिस्टर, एक. मुदत दहा वर्षे. संपली." आणि खाली भाऊंची लफ्फेदार सही.

"अगं, पण मला दाखवायचंस तरी!"

"दाखवली की यादी. तुम्ही न वाचता सही केलीत. म्हणालात, प्रत्येक कागद वाचत बसलो तर ऑफिस चालेल का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. भाऊ खाली मान घालून शेडमध्ये गेले आणि दोनशे चौदा डब्यांसमोर स्टूल टाकून बसले. डबेही त्यांच्याकडे बघत बसले.

घरात अशी शांतता पसरली की शेजारी बरोबर हजर होतात. रस्त्यापलीकडच्या बंगल्यात विमावाले राहायचे. विमा विकून विकून त्यांना कुठल्याही वस्तूकडे बघितलं की तिचं मरण दिसायचं. त्यांनी स्वतःची घडीची खुर्ची आणली, शेडच्या दारात मांडली आणि उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. "भाऊ, हा जॅकचा भाग." "भाऊ, हे स्टोव्हचं काहीतरी गाडीत गेलंय." भाऊंनी बोलावलेला मिस्त्री तर डबे बघून दारातच थबकला. इंजिन, ब्रेक, क्लच ही कामं मी करीन, म्हणाला, पण हा बारीकसारीक संसार तुम्हीच लावा. ह्या मॉडेलची गाडी मी फक्त कॅलेंडरवर बघितली आहे.

तीन दिवसांत भाऊंनी एकूण दोन डब्यांतल्या वस्तू ओळखल्या. त्यांतली एक चुकीची होती.

चौथ्या दिवशी वहिनींना फरशी पुसायची होती, म्हणून त्यांनी नानांची खुर्ची शेडमध्ये नेऊन ठेवली आणि नानांना तिच्यावर बसवलं. भाऊ एक वाकडी सळी उलटसुलट करून बघत होते. विमावाले ती छत्रीची आहे असं ठामपणे सांगत होते. नानांनी हात पुढे केला. सळी घेतली, अंगठ्याने तिचं टोक चाचपलं.

"वायपरची. डाव्या बाजूची," नाना म्हणाले. "उजवा वायपर चालायचा, हा नुसता शोभेला. पाऊस लागला की तुझी आई खिडकीतून हात काढून तिच्यापुढची काच पुसायची. म्हणायची, तुम्हाला दिसतंय ना, मग मलाही दिसायला हवं."

भाऊंनी सळी डाव्या खाचेत घातली. टक्कन बसली.

त्यांनी दुसरा डबा नानांच्या मांडीवर ठेवला, मग तिसरा. नाना बघतही नव्हते फारसं. डोळे शेडच्या पत्र्याकडे, बोटं डब्यात. हा बोनेटच्या कडीचा स्क्रू. ही मागच्या दाराची बिजागरी, हिला तेल दिलं नाही तर कोंबडीसारखी ओरडते. आणि ही स्प्रिंग... नाना एकदम हसले. "ही गाडीची नाहीच. अ‍ॅक्सिलरेटरची स्प्रिंग तुटली होती भर रस्त्यात. तुझ्या आईच्या शिवणयंत्राची काढून लावली. शिवणयंत्र होतं डिकीत, नुकतंच दुरुस्त करून घरी आणत होतो. गाडी घरी आली, पण यंत्र काही चाललं नाही. आठ दिवस बोलली नाही माझ्याशी."

"ते मला आठवतंय," भाऊ म्हणाले. "माझा एका बाहीचा शर्ट तेव्हाचाच."

"शाळेत गेलास की तू तो घालून!"

"तुम्हीच पाठवलंत. म्हणालात, हात वर केल्याशिवाय कळत नाही."

बापलेक हसले. विमावाल्यांना जोक कळला नाही, पण तेही हसले.

त्यानंतर रोज दुपारी असंच सुरू झालं. जेवण झालं की नाना स्वतःहून शेडकडे निघायचे. जेवलो की नाही हे त्यांना आठवायचं नाही, पण चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कुठला नट कुठल्या वळणावर ढिला झाला ते आठवायचं. भाऊंना मागच्या सीटचं तापलेलं रेक्झिन आठवलं. हाफ चड्डीतल्या मांड्या त्याला चिकटायच्या आणि उतरताना चर्र आवाज यायचा. आईच्या केसांतली पिन आठवली, जिने नाना कार्बोरेटरचं भोक साफ करायचे आणि तशीच तिच्या केसांत परत खोचायचे. पेट्रोलचा वास येणारी आई जगात आपल्या एकट्यालाच होती, असं भाऊंना वाटलं. त्यांना फार सुख झालं. इतकी वर्षं डबे बंद का ठेवले, असंही वाटलं.

सुख फार दिवस टिकू नये अशी विमावाल्यांची व्यवस्था होती. इंजिन जाम होतं. मिस्त्री म्हणाला, तेल सोडून आठ दिवस थांबू. विमावाले म्हणाले, छे, दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि उतारावर ढकला, झटक्यात सुटेल. मिस्त्री बाहेरगावी जाताच हा प्रयोग झाला. भाऊ चाकामागे, विमावाले आणि वर्तमानपत्रवाला मागे. इंजिन खरोखरच सुटलं. त्याच झटक्याला गिअरही सुटला आणि गाडी ऐटीत फाटकाबाहेर पडली. भाऊंनी सारी ताकद लावून ब्रेकवर पाय मारला. पण ब्रेक त्या वेळी अठ्ठ्याऐंशी क्रमांकाच्या डब्यात होते. समोर विमावाल्यांचं फाटक होतं; ते आडवं झालं, मागे ओळीने आठ कुंड्या होत्या, त्यांतल्या सातही झाल्या. आठवीशी गाडी थांबली. एवढं आयुष्य विमा विकण्यात घालवलेल्या त्या गृहस्थाने स्वतःच्या फाटकाचा विमा उतरवला नव्हता, ही गोष्ट सगळ्या गल्लीला त्या दिवशी कळली. भाऊंना हसू येत होतं, पण ते चाकामागे मान ताठ ठेवून बसून राहिले.

नवं फाटक भाऊंनीच बसवून दिलं, आणि त्या ओशाळेपणात त्यांनी विमावाल्यांचा आणखी एक सल्ला ऐकला. गाडीचा मूळ रंग राखी. विमावाले म्हणाले, "राखी रंग म्हणजे अगदीच सुतकी. नानांना बरं वाटायला हवं ना? मोरपंखी द्या. चमकली पाहिजे!" भाऊंना नानांना बरं वाटायलाच हवं होतं. गाडी मोरपंखी झाली. रंग वाळेपर्यंत दारं बंद, म्हणून आठ दिवस नानांना शेडमध्ये नेलं नाही. तेवढ्यात कागदपत्रं करून टाकू म्हणून भाऊ आपल्या जुन्या कार्यालयात गेले.

पूर्वी त्यांच्या हाताखाली असलेल्या बाई आता तिथे अधिकारी होत्या. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला, दोन तास शोध घेतला आणि म्हणाल्या, "सर, नानांच्या गाडीची फाईल नाही."

"अशक्य. मी असताना फाईल हरवायची नाही."

"हरवली नाही सर. नष्ट केली आहे. ही यादी." बाईंनी यादी पुढे सरकवली. दहा वर्षं नूतनीकरण न झालेल्या वाहनांच्या फायली, पाने अठरा. प्रत्येक पानाखाली तीच लफ्फेदार सही. ह्याच कामगिरीबद्दल भाऊंना प्रमाणपत्र मिळालं होतं आणि ते घरी बैठकीच्या खोलीत काचेत लावलेलं होतं.

"बाई, पण गाडी तर माझ्या घरी उभी आहे!"

"कागद नाही तर वस्तू नाही. तुम्हीच शिकवलंत सर आम्हाला."

भाऊंनी घरी येऊन ते प्रमाणपत्र उतरवलं आणि कपाटामागे ठेवलं.

मार्ग एकच होता. मूळ मालकाने अधिकाऱ्यासमोर गाडी प्रत्यक्ष बघून, ती आपली आहे असा जबाब द्यायचा. वय बघता बाई स्वतः घरी येणार होत्या. मालकाने ओळखली नाही तर गाडी बेवारस धरून उचलून नेणार. हे ऐकल्यापासून भाऊंना झोप लागेना. डब्यांतली गाडी नाना पुरती ओळखत होते. अख्खी जोडलेली, मोरपंखी गाडी त्यांनी अजून बघितलीच नव्हती.

ठरलेल्या दिवशी चार वाजता बाई आल्या. वहिनी सकाळपासून नानांना पढवत होत्या, "बाईंनी विचारलं की 'माझी' म्हणायचं." नाना दर वेळी विचारत होते, "काय माझी?" गाडी शेडबाहेर काढून ठेवली होती. मोरपंखी रंगावर ऊन असं पडलं होतं की बघणाऱ्याने डोळे किलकिले करावेत. नानांना खुर्चीवर बसवलं. भाऊंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं, आणि मग बघितलंच.

"आजोबा," बाई म्हणाल्या, "ही गाडी तुमची आहे का?"

नानांनी पुढून बघितलं, मागून बघितलं. मग सभ्यपणे म्हणाले, "नाही हो. छान आहे. कुणाची ही?"

"अहो नाना, नीट बघा ना," वहिनी कळवळून म्हणाल्या. भिंतीवरून विमावाले ओरडले, "नाना, हो म्हणा, हो!"

"आमची राखी रंगाची होती," नाना जरा रागानेच म्हणाले. "दुसऱ्याची वस्तू आपली कशी म्हणायची?"

बाईंनी पेन थांबवलं आणि आवाज खाली आणला. "सर, मी 'होय' लिहिते. इथे कोण बघतंय?"

भाऊंना त्या क्षणी जगातलं दुसरं काहीही नको होतं. फक्त तो एक शब्द. पण एकतीस वर्षं अशी एका संध्याकाळी अंगातून निघत नाहीत. "नको बाई," ते म्हणाले. "नाही म्हणाले, तर नाही लिहा. माणसाच्या तोंडचं बदलायचं नसतं." लोकांसमोर रडायला नको म्हणून ते म्हणाले, "गाडी आत लावून येतो," आणि चाकामागे जाऊन बसले. डोळ्यांपुढे काही नीट दिसत नव्हतं. चोक ओढला, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, थरथरलं आणि लागलं.

"अरे, चोक!"

भाऊंनी मान वळवली. नाना खुर्चीतून उठले होते. काठी खाली पडली होती.

"चोक आत ढकल आधी! लागली की लगेच ढकलायचा, किती वेळा सांगायचं? पेट्रोल पिते ती!" नाना चालत आले, दार उघडलं. "सरक तिकडे."

भाऊ सरकले. नाना आत बसले. हात चाकावर गेला, पाय क्लचवर, आणि कुणी "नाना, नको" म्हणायच्या आत पहिला गिअर पडला. गाडी अंगणातून वीस पावलं चालली. वहिनी श्वास रोखून बाजूने चालत होत्या आणि विमावाले आपल्या नव्या फाटकाकडे धावत सुटले होते. फाटकापाशी नानांनी अलगद ब्रेक लावला, इंजिन चालूच ठेवलं आणि कान तिरका करून ऐकत राहिले.

बाई खिडकीशी आल्या. त्यांनी पुन्हा, सरकारी आवाजात नव्हे, विचारलं, "आजोबा, कुणाची हो ही गाडी?"

"कुणाची म्हणजे?" नानांनी शेजारी बसलेल्या भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याची. मी आपला चालवायचो नुसता, हाणामारीने. एक भाग धड नव्हता. ह्याने पोरासारखी जपली, एक स्क्रू हरवू दिला नाही. मी विचारायचं सोडून दिलं ते त्यासाठीच. म्हटलं, एवढं मन लावून करतोय, मागे लागून घाई कशाला करा?"

भाऊ समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

बाईंनी बोनेटवर कागद ठेवून सगळं जसंच्या तसं लिहिलं. "गाडी ओळखली, एवढं मला पुरे," त्या वहिनींना म्हणाल्या. "पण सर, मालक म्हणून त्यांनी तुमचं नाव सांगितलं. आता हस्तांतराचा वेगळा अर्ज लागेल. तीन प्रतींत." भाऊंनी होकारार्थी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खाली सही करण्याआधी कागद शब्दन् शब्द वाचला. मग पुन्हा वाचला. बाई पेन पुढे करून उभ्या होत्या आणि भाऊ तिसऱ्यांदा वाचत होते.

"झालं का तुमचं लिहिणं?" नाना आतून म्हणाले. "तिसऱ्या सिलिंडरचा टॅपेट वाजतोय. पाना आण, उघडू या."